टांटे नव्हे, मावशी

तिकीट पाच जणांचं असायचं. शनिवार-रविवारी एकाच तिकिटावर पाच माणसांनी साध्या गाड्या बदलत बदलत दिवसभर जर्मनीत कुठेही फिरावं, अशी तिकडे सोय होती. माझी भाची आणि तिची मित्रमंडळी मिळून चौघं होती. पाचवी जागा रिकामीच जायची. त्या जागेवर बसून मी युरोप पाहिला.

तक्रार म्हणून सांगत नाही. मी आठवीतून शाळा सुटलेली बाई. सांगलीहून कोल्हापूर, आणि एकदा तुळजापूर, एवढीच माझी धाव. अशा बाईला कोणीतरी विमानात बसवलं, गुडघाभर बर्फ दाखवला, ऱ्हाइन नदी दाखवली, पॅरिस दाखवलं. ते उपकार मी विसरलेली नाही. विसरता आले असते तर बरं झालं असतं, असं मात्र अधूनमधून वाटतं.

भाची म्युनिकजवळ गार्चिंगला मास्टर्स करायला गेली होती. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात सायकलवरून घसरली आणि घोट्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली. फोनवर ती नुसती रडायची. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, शाळेत मुख्याध्यापिका. दहावीच्या परीक्षा तोंडावर आलेल्या, तिला रजा मिळणं शक्य नव्हतं. ताई म्हणाली, "तूच जा. तशीही आजारी पडली की ती तुलाच हाका मारते."

ते खरं होतं. भाची तान्ही होती तेव्हा ताईची बाळंतपणाची रजा संपली. आमची आई तोवर गेलेली, ताईला सासू नाही. पोरीला सांभाळणार कोण? मी तेव्हा आठवीत होते. 'एक वर्ष राहू दे शाळा, पुढच्या वर्षी बघू,' असं मोठ्यांनी ठरवलं. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. ताईची नोकरी टिकली, बढती मिळत मिळत ती मुख्याध्यापिका झाली, आणि माझ्या वाट्याला ती पोर आली. तिला न्हाऊमाखू घालणं, शाळेत सोडणं, परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून तिच्यासमोर दुधाचा पेला धरणं, सगळं मीच केलं. ती बोलायला लागली तेव्हा पहिल्यांदा 'मा' म्हणाली. तो मा आईचा की मावशीचा, यावरून घरात पुष्कळ दिवस थट्टा चालली. माझं लग्न दोनदा जमत आलं आणि दोनदा राहिलं. त्याचं आता काही नाही. माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, ती.

व्हिसा मिळाला. पासपोर्ट कापडी पिशवीत घालून मी पोलक्याच्या आत ठेवला होता आणि विमानात दर थोड्या वेळाने तो चाचपून बघत होते. शेजारच्या गोऱ्या बाईला वाटलं असेल, हिच्या छातीत दुखतंय.

गार्चिंगला भाची एका पुण्याच्या मुलीबरोबर दोन खोल्यांच्या घरात राहायची. तिकडे अशा भागीच्या घराला वेगे म्हणतात. कुबड्या सावरत दारात आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. पुण्याच्या मुलीने माझी बॅग आत घेतली. "या मावशी, दमला असाल," म्हणाली. मला किती बरं वाटलं! म्हटलं, परक्या मुलखात आणखी एक भाची मिळाली.

मी लगेच घर हातात घेतलं. यू-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनाकडे एक तुर्की दुकान होतं, तिथे आटा मिळायचा. पोळ्या, आमटी, कोबीची भाजी, दाण्याची चटणी. थोड्याच दिवसांत तिथली मराठी पोरं जेवायला येऊ लागली. त्यांतला नागपूरचा एक पोरगा तर रोजच टपकायचा.

"मावशी, मी टर्बाइन सोडून आता तुमच्या पोळीवर थीसिस लिहितो."

"आधी खाऊन तर घे."

"खातोच आहे ना. संशोधन चालू आहे माझं."

मावशी, वरण उरलंय का. मावशी, मीठ द्या. मावशी, उद्या भाकरी होईल का हो. दिवसभर मावशी मावशी चालायचं. मला ती हाक गोड लागायची. आपल्याला कोणी विचारतंय, आपल्यावाचून कुणाचं अडतंय, हे किती दिवसांनी वाटत होतं.

एकदा मी भांडी विसळत होते आणि पुण्याची मुलगी पुसून ठेवत होती. तिने विचारलं, "मावशी, तुम्ही यांच्याकडे कधीपासून आहात?"

"ही पाळण्यात होती तेव्हापासून."

"बाप रे! म्हणजे अगदी घरच्यासारख्याच झालात की."

घरच्यासारख्याच, हे जरा टोचलं. पण पुण्याची भाषा वेगळी असते, म्हणून मी ते सोडून दिलं. आमच्या गल्लीत धुणंभांडी करणाऱ्या बाईला तिच्या नावानेच हाक मारतात. पुण्यामुंबईकडे तिलाही मावशी म्हणतात, हे मला कोण सांगणार? मी खरं तेच उत्तर दिलं होतं. तिनेही तिच्या हिशेबाने ते बरोबरच ऐकलं.

पाय टेकता येऊ लागल्यावर भाची पुन्हा हिंडाफिरायला लागली. पहिल्या खेपेला आम्ही साल्झबुर्गला गेलो. मी गाडीत पासपोर्ट बाहेर काढून हातात धरून बसले होते. सरहद्द आली की शिपाई चढणार, विचारणार, मला त्याचं बोलणं कळायचं नाही, आणि मग काय? मधेच भाची म्हणाली, "अगं, आपण केव्हाच ऑस्ट्रियात आलो." मी खिडकीतून पाहिलं तर तीच हिरवळ, त्याच गाई. शिपाई नाही की फाटक नाही. मला खरं वाटेना. तिने माझ्या हातातला पासपोर्ट घेऊन पिशवीत घातला आणि पिशवीची नाडी लहान मुलाची बांधावी तशी माझ्या गळ्यात नीट बांधून दिली. त्या दिवशी ती माझीच होती.

मग ईस्टरच्या सुट्टीचा मोठा बेत ठरला. शनिवारी साध्या गाड्यांनी ड्युसेलडॉर्फ, तिथे मुक्काम, पुढे बसने अॅमस्टरडॅम, ब्रसेल्स, पॅरिस. ड्युसेलडॉर्फला मुक्काम का, तर चौथा जो मित्र होता त्याचे काका-काकू तिथे राहायचे. हा मुलगा एर्लांगेनला दवाखान्यातल्या यंत्रांवर डॉक्टरेट करत होता. उंच, कमी बोलणारा, पुण्यातल्या चांगल्या घरचा. भाचीच्या मनात तो होता. तिने मला सांगितलं नव्हतं, पण तो येणार असला की ती आदल्या दिवशी केस धुवायची, आणि ते केस मी लहानपणापासून विंचरले होते.

निघायच्या आधी ती माझ्या बॅगेतल्या साड्या उलथ्यापालथ्या करत होती. फिकी निळी बाजूला काढली. मग म्हणाली, "मावशी, काकूंकडे जरा बेतानं बोल हं. 'व्हय', 'बघा की', असलं नको."

"बरं."

"राग नाही ना आला?"

"राग कसला? नाही बोलणार."

खरंच आला नाही. मला वाटलं, पोरीसाठी हा बघण्याचाच कार्यक्रम आहे, फक्त कांदेपोहे नाहीत. अशा वेळी घरच्या माणसाने सांभाळूनच वागायचं असतं. घरचं माणूस म्हणून मला सोबत नेतायत, अशा समजुतीत मी होते.

एर्लांगेनचा मुलगा न्युर्नबर्गला येऊन मिळाला. दिवसभर आम्ही गाड्या बदलत होतो. प्रत्येक स्टेशनावर मला धाकधूक, दार बटन दाबल्याशिवाय उघडायचं नाही आणि मी आतच राहायची. दशम्या आणि चटणी संपली तेव्हा ऱ्हाइन आली. दोन्ही काठांना डोंगर, डोंगरांवर किल्ले.

नागपूरचा पोरगा म्हणाला, "मावशी, मोजा किल्ले."

"आमच्याकडं किल्ला बघायचा तर चढून छाती फुटते. हितं बसल्या जागी दिसतोय."

सगळे हसले. भाची हसली नाही. 'हितं' म्हटलं होतं मी.

ड्युसेलडॉर्फच्या काकू जवळजवळ माझ्याच वयाच्या. केस कापलेले, हसऱ्या, चटपटीत. दार उघडल्यावर भाचीला जवळ घेतलं, पुण्याच्या मुलीला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि या मावशी ना? तुमच्या पोळ्यांची कीर्ती आलीय इथवर! या, किचन इकडे आहे."

पोरं बाहेर कॉफी-केक घेत बसली. मी आत गेले. त्यात मला काही वाटलं नाही. आमच्याकडे मावशी पाहुणी आली तरी पदर खोचून आधी स्वयंपाकघरातच शिरते. काकूंनी पिठाचा डबा दाखवला. "आल्झो, तुम्ही पोळ्यांचं बघा, बाकी मी करते." आल्झो म्हणजे आपलं 'तर मग'. मी कणीक मळली. उलट मला बरंच वाटत होतं, या घरात आपला काही उपयोग होतोय, पोरीची बाजू वर होतेय.

काकूंची मुलगी सहा-सात वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमधून द्यायची. ती ओट्याशी येऊन उभी राहिली आणि मी पोळी फुगवली की टाळ्या वाजवायला लागली. मी तिला कणकेची चिमणी करून दिली. मग तिने आईला काहीतरी विचारलं. त्यातला टांटे हा शब्द मला कळला. गार्चिंगला खालच्या मजल्यावरची मुलं आल्यागेल्या बायकांना टांटे म्हणायची. त्यांच्यात मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्यांना हा एकच शब्द. पोर विचारत होती, ही कोणाची टांटे?

काकू हसल्या. "नाही गं, ही टांटे नव्हे. ही मावशी. म्युनिकच्या ताईकडे काम करतात त्या."

माझी पोळी तव्यावर होती. भाची पाण्याचे ग्लास न्यायला त्याच वेळी दारात आली होती. तिने ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता हसेल, म्हणेल, अहो काकू, काहीतरीच काय.

काकूंनी तिलाच विचारलं, "पहिल्यापासून तुमच्याचकडे आहेत ना गं या?"

"जा," भाची म्हणाली. "गेनाऊ."

जर्मन लोक हो म्हणायचं असलं की जा म्हणतात, आणि अगदी बरोबर म्हणायचं असलं की गेनाऊ. त्यातलं ते जा. गेल्या गेल्या पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, ही सगळी माणसं एकमेकांना हाकलतायत. मग कान सरावले होते. त्या दिवशी तो शब्द पुन्हा मराठीतच ऐकू आला.

पोळी करपली. मी ती बाजूला ठेवली आणि दुसरी टाकली.

जेवताना मोठ्या टेबलावर सगळ्यांची पानं मांडली होती. गरम वाढणारी बाई मागून बसतेच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. पण काकू त्यांच्यातच बसल्या आणि माझं ताट त्यांनी किचनमधल्या लहान टेबलावर झाकून ठेवलं. चांगलं भरलेलं ताट होतं. वाईट वागवलं असं म्हणता यायचं नाही. पुन्हा पुन्हा आत येऊन विचारत होत्या, "मावशी, लाजू नका, पोटभर जेवा." भाची बाहेर काहीतरी विनोद सांगत होती आणि सगळे हसत होते. तिचा आवाज मी पहिल्यांदा असा परक्या घरातून भिंतीपलीकडून ऐकला.

सकाळी निघताना काकूंनी एक तपकिरी कोट आणून माझ्यापुढे धरला. "घ्या हो मावशी. जुना आहे, पण उबदार आहे. आम्ही देऊनच टाकणार होतो कोणाला तरी."

मी भाचीकडे बघितलं. एर्लांगेनचा मुलगा तिच्या शेजारी उभा होता.

"घे ना मावशी, छान आहे," ती म्हणाली.

मी घेतला. बाहेर थंडी होती.

तिथून पुढे युरोप मी त्या कोटात पाहिला. अॅमस्टरडॅमला रस्त्यांसारखे कालवे, ब्रसेल्सला एवढासा पुतळा आणि त्याच्याभोवती ही गर्दी. काय काय पाहिलं त्याची यादी देता येईल, पण आत काही उतरत नव्हतं. मी त्या दोघांच्या मागे चालायची. त्याने काही विचारलं की ती मान तिरकी करून उत्तर द्यायची. लहानपणी गोष्ट ऐकताना ती अशीच मान करायची. मधेच मागे वळून मला म्हणायची, "मावशी, दमलीस का?" काळजी खरी होती. तेच मला उलगडत नव्हतं. अजिबात माया नसती तर सोपं गेलं असतं.

पॅरिसला टॉवरवर चढायच्या रांगेत सामान नेऊ देईनात. "मावशी, तुम्ही बसाल ना सामानाजवळ?" पुण्याची मुलगी म्हणाली. मी खाली बाकावर बसले. थोड्या वेळाने नागपूरचा पोरगा घाम पुसत परत आला. त्याला उंचावर भोवळ यायची, ते त्याने अर्ध्या जिन्यावर गेल्यावर मान्य केलं होतं.

"कोणाला सांगू नका मावशी. सांगा, मावशींच्या सोबतीला थांबलो."

"नाही सांगत."

तो बाकावर पाय पसरून बसला. जरा वेळाने त्याने विचारलं, "मावशी, तुम्हाला मुलंबाळं किती?"

असं सरळ मला कोणीच विचारत नाही. घरचे विचारत नाहीत कारण त्यांना माहीत असतं, आणि बाहेरचे विचारत नाहीत कारण त्यांना काय करायचंय.

"एकच मुलगी," मी म्हटलं.

"काय करते?"

"वर गेलीय."

मी टॉवरकडे बघतच बोलले होते. तो एकदम ताठ बसला. त्याचा चेहरा पडला. "सॉरी मावशी," हळूच म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं." मग माझ्या लक्षात आलं, वर गेली म्हणजे त्याला काय वाटलं ते. खुलासा करायचा तर सगळंच सांगावं लागलं असतं. परत येईपर्यंत त्या पोराने मला बॅग उचलू दिली नाही. गाडीत खिडकीची जागा मला दिली, स्वतःचं चॉकलेट दिलं. त्या सबंध प्रवासात मायेने वागला तो एक, आणि तोही एका गैरसमजापायी.

गार्चिंगला परतल्यावर पुण्याची मुलगी बाहेर गेलेली बघून मी भाचीला विचारलं. ती कपडे वाळत घालत होती.

"तू त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"मी कोण ते."

तिने चिमटा लावला. "त्यात सांगायचं काय? सगळे तुला मावशीच म्हणतात ना? मीही मावशीच म्हणते. मी खोटं काय बोलले?"

ती खोटं बोललीच नव्हती. एक शब्दसुद्धा नाही.

"आणि तू तरी कुठे बोललीस?" ती म्हणाली.

"तू दारात उभी होतीस. मी बोलले असते तर तू खोटी पडली असतीस."

ती माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात हातात घेतला. "मावशी, त्यांच्या घरात सगळे शिकलेले गं. त्याची आत्या प्रोफेसर, मावशी डॉक्टर. लगेच विचारतात, तुझी मावशी काय करते, शिकलीय कुठवर. मी काय सांगू?"

"आठवी सांग."

"मग विचारतील, आई हेडमिस्ट्रेस आणि तिची सख्खी बहीण आठवी, असं कसं? त्याचं काय उत्तर देऊ?"

त्याचं उत्तर तिला माहीत होतं. उत्तर माझा हात धरून बसलं होतं.

"मी सांगणार आहे त्यांना," ती म्हणाली. "योग्य वेळ येऊ दे. प्रॉमिस."

मी विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता. विमानाला अजून थोडे आठवडे होते, आणि रिकाम्या हाताने परत जायचं नव्हतं मला. म्हणजे चॉकलेटं, सेंटच्या बाटल्या वगैरे घेतल्या होत्या, ते नव्हे. तिच्या तोंडून एकदा 'ही माझी सख्खी मावशी' एवढं चारचौघांत ऐकायचं होतं. पोरं जेवायला यायची तेव्हा वाढता वाढता मी तिच्या तोंडाकडे बघायची. आज सांगेल. बरं, उद्या सांगेल. ती आमटी वाढून घ्यायची आणि सेमिस्टरच्या गप्पा मारायची.

मग एका रविवारी सकाळी तिचा हँडी वाजला. मोबाइलला तिकडे हँडी म्हणतात. ड्युसेलडॉर्फच्या काकू होत्या. त्यांचा आवाज खणखणीत, सगळं मला ओट्याशी ऐकू येत होतं. आधी इकडचं तिकडचं झालं. एर्लांगेनच्या मुलाच्या आईशी काकूंचं बोलणं झालं होतं, मुलगी मला फार आवडली असं त्यांनी पुण्याला कळवलं होतं. भाचीचे कान लाल झाले. आणि मग काकू म्हणाल्या, "अगं, एक काम होतं. माझ्या सासूबाई येतायत, मला तर ऑफिस. तुझा पाय आता बरा आहे ना? मग मावशींना पंधरा दिवस पाठवशील का इकडे? गाडीत तू बसवून दे, मी उतरवून घेते. माझी लेक पण रोज विचारते, ती चिमणीवाली कुठंय म्हणून."

मी डाव खाली ठेवला. मला वाटलं, देवाने आपल्या हाताने वेळ आणून दिली. आता तिला बोलावंच लागणार. आता दुसरा रस्ता नाही.

भाचीने हँडीवर तळहात दाबला. माझ्याकडे बघितलं.

"मावशी," ती कुजबुजली, "पंधराच दिवस आहेत. त्यांना नाही कसं म्हणू आत्ता? जाशील का?"

मी तिच्याकडे बघत राहिले. ती चोवीस वर्षांची, हुशार, स्कॉलरशिप मिळवलेली मुलगी. घाबरलेली होती बिचारी. लहानपणी पाटी फुटली की अशीच बघायची, आईला सांगू नको म्हणून.

मी हात पुढे केला. तिचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं, आता मी सगळं सांगणार. क्षणभर तिने हँडी सोडला नाही, मग सोडला.

"नमस्कार काकू. मावशी बोलतेय."

"अहो, बरं झालं तुम्हीच आलात! याल ना?"

"यायला आवडलं असतं, पण जमायचं नाही. आमच्या ताईंनी बोलावून घेतलंय."

माझ्या बहिणीला मी ताई म्हणते. ताई आली, ताई म्हणाली, ताईने केलं. आम्ही एका अंथरुणात वाढलेल्या बहिणी, तिला अहोजाहो कोण करणार? पण कामाला येणारी बाईसुद्धा मालकिणीला ताईच म्हणते. ती ताईने म्हणत नाही, ताईंनी म्हणते. तेवढाच काय तो फरक. एवढं बदललं आणि जन्मात पहिल्यांदा मी माझ्या बहिणीला परकी झाले. जीभ अडखळलीसुद्धा नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.

काकूंना त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. "असं होय. मग काय, ताईंचं ऐकायलाच हवं. नीट वागवतात ना हो तुम्हाला?"

"फार चांगल्या आहेत. आज मी जी काही आहे ती त्यांच्यामुळेच."

"नशीबवान आहेत बाई त्या. तुमच्यासारखं माणूस मिळत नाही हो आजकाल."

मी हँडी भाचीला परत दिला. तिने उरलेलं बोलून घेतलं, दोनतीनदा जा जा म्हणाली आणि ठेवला. ताई आणि ताईंनी तिने ऐकलं होतं. इतकं मराठी तिला मीच शिकवलं होतं. ती फ्रिजला टेकून उभी राहिली. मला वाटलं, रडेल. वाटलं, गळ्यात पडेल, आल्या दिवशी पडली होती तशी.

"थँक्स मावशी," ती म्हणाली.

गोवर आला तेव्हा आठवडाभर मी तिला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. बारावीला तिच्याबरोबर जागले. तिच्या शाळेसाठी माझी शाळा गेली असं मी म्हणणार नाही, तिला तेव्हा काय कळत होतं. त्या सगळ्यात तिने मला कधी थँक्स म्हटलं नव्हतं. म्हणायचं नसतंच. घरच्या माणसाला कोण थँक्स म्हणतं? त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली, आणि तेही अगदी मनापासून.

"बिट्टे," मी म्हटलं. गिऱ्हाइकाने थँक्स म्हटलं की दुकानातल्या बाया सुट्टे पैसे हातावर ठेवताना म्हणतात, तसं. इतकं जर्मन मला तोवर यायला लागलं होतं.